उत्तर बरोबर, पण कशावरून?

आठ पायल्या ज्वारी दिढीने उचलली, म्हणजे सुगीला दीडपट मापून द्यायची. पहिल्या सुगीला देणे जमले नाही, दुसऱ्या सुगीलाही नाही, आणि थकलेले धान्य दर वेळी नव्या मुद्दलात धरले गेले. तिसऱ्या सुगीला किती पायल्या द्याव्या लागतील? चौथी-पाचवीच्या वर्गात हे उदाहरण घातले तर दोन उत्तरे येण्याचा संभव मोठा. एक उत्तर २०: आठाचे निम्मे चार, तीन सुगींचे बारा, त्यात मुद्दल आठ. दुसरे २७: आठाचे बारा, बाराचे अठरा, अठराचे सत्तावीस. दोन्ही मुलांची आकडेमोड निर्दोष आहे. फरक सात पायल्यांचा आहे आणि तो एकाच प्रश्नातून आला आहे: निम्मे कशाचे? वाढीदिढीचा व्यवहार वऱ्हाडातल्या कास्तकाराला अनोळखी नव्हता. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकून घेतली जात आणि दिवेलागणीला शुभंकरोतीच्या जोडीने परवचाही म्हटला जाई. दिडकी पाठ असलेल्याला बाराची दीडपट अठरा हे क्षणात सांगता येई. पण तीन सुगींत आठाचे सत्तावीस का होतात, आणि कोणत्या अटीवर ते वीसच राहिले असते, हे दिडकीच्या पाढ्यात नसते. ते ज्याचे त्याने पडताळायचे असते.

हे उदाहरण धर्मचिंतनाच्या लेखात का आणावे, याचे उत्तर गुरुकुंज मोझरीत मिळते. अमरावती-नागपूर रस्त्यावर, तिवसा तालुक्यात, तुकडोजी महाराजांनी १९३५ साली हा आश्रम उभारला. १९५५ साली त्यांनी सिद्ध केलेल्या ग्रामगीतेत प्रार्थना आहे, तशीच ग्रामशुद्धी आहे, श्रमसंपत्ती आहे, महिलोन्नती आहे, आणि ‘जीवन शिक्षण’ नावाचा स्वतंत्र अध्यायही आहे. ज्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांच्या पुढे गेले नाही, त्या संताने शाळेचा प्रश्न धर्मग्रंथात घेतला, ही गोष्ट साधी नाही. देवघरातला धर्म एका फळीवर आणि व्यवहारातला हिशेब दुसऱ्या फळीवर, अशी मांडणी या परंपरेला मान्यच नाही. म्हणून मला जे म्हणायचे आहे ते इथे उभे राहून म्हणणे योग्य ठरेल. प्राथमिक शाळेतल्या गणितात मुलाला ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारायची आणि त्याचे उत्तर स्वतः मांडायची सवय लागणे, हे धर्मशिक्षणच आहे, आणि कदाचित मुलाला मिळणारे पहिले खरे धर्मशिक्षण आहे. याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ही सवय न लावता केवळ रीत आणि उत्तर पाठ करून घेणारा गणिताचा तास मुलाला अंधश्रद्धेचा सराव देतो, आणि तोही रोज, वर्षानुवर्षे.

अंधश्रद्धा हा शब्द जड वाटेल, म्हणून पुरावा पाहू. १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी लहान मुलांना एक उदाहरण घातले. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांशी काहीतरी करून वय काढून दिले. ही मुले मंद नव्हती. त्यांनी एक नियम अचूक ओळखला होता: गुरुजींनी घातलेल्या उदाहरणाला उत्तर असतेच, दिलेले आकडे वापरायचेच असतात, आणि त्या उत्तराला जगात काही अर्थ आहे का हे पाहणे आपले काम नाही. आता याच्या शेजारी दुसरा पुरावा ठेवू. १९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाला पैसे सांगताना आणि मोड परत देताना त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तशाच आकड्यांची शाब्दिक उदाहरणे दिल्यावर ७४ टक्के, आणि नुसती कागदी आकडेमोड दिल्यावर ३७ टक्के. अलीकडे, २०२५ साली, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांच्या मोठ्या पाहणीतही हीच दरी दिसली, आणि उलट बाजूने शाळेत हुशार ठरलेली मुले बाजारातल्या हिशेबात अडली. म्हणजे तर्क मुलांकडे नसतो असे नाही. बाजारात उत्तर चुकले तर खिशातले पैसे जातात, म्हणून तिथे मूल डोके जागे ठेवते. वर्गात उत्तर कोणाला तरी पसंत पडायचे असते, म्हणून तिथे ते डोके बाजूला ठेवून रीत चालवते. कप्तानाचे वय ३६ सांगणारे मूल खोटे बोलत नाही. ते आज्ञा पाळते, आणि नेमके तेच चिंतेचे आहे.

कारण हाच मनोव्यापार पुढे गावात मोठ्या वयाच्या माणसांत दिसतो. कोणीतरी सांगितले, विधी ठरलेला आहे, आकडे आणि तिथी जुळवून दिल्या आहेत, तर फळ मिळणारच, आणि त्याला अर्थ आहे का हे विचारणे आपले काम नाही. ग्रामगीतेत ‘संत चमत्कार’ हा अध्याय आहे तो याच मनाशी बोलण्यासाठी. संताचे मोठेपण चमत्कारावर मोजू नका हा तुकडोजी महाराजांचा आग्रह आयुष्यभराचा होता. याच अमरावती जिल्ह्यात, शेंडगावी, १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी त्यासाठी एक पद्धतच घडवली. त्यांचे कीर्तन म्हणजे लोकांशी चाललेली प्रश्नोत्तरे. ते विधान करत नसत, विचारत असत, लोकांकडून ‘हो’ आणि ‘नाही’ काढून घेत असत, आणि त्याच उत्तरांच्या पायऱ्यांनी ऐकणाऱ्याला अशा ठिकाणी आणून सोडत असत की नवसाचा बकरा किंवा कर्ज काढून केलेली तेरवी त्याची त्यालाच विसंगत दिसावी. अक्षरओळख नसलेल्या या माणसाची ही रीत आणि उत्तम गणित-शिक्षकाची रीत यांत मला तत्त्वाचा फरक दिसत नाही. दोघेही निष्कर्ष हातात देत नाहीत. मधली प्रत्येक पायरी ऐकणाऱ्याने स्वतः मान्य केलेली असावी, एवढीच त्यांची अट असते. आपण गाडगेबाबांची जयंती शाळेत झाडू घेऊन साजरी करतो ते योग्यच आहे. पण त्याच शाळेत गणिताच्या तासाला प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ‘रीत अशीच आहे, लिही’ म्हणून बसवले, तर बाबांचे निम्मे काम आपण सोडून दिले असे होते.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे येतो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. लहान वयापासून प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून?’ विचारायला शिकलेले मूल उद्या प्रार्थनेलाही तोच प्रश्न विचारील. श्रद्धेला मुळे धरायला काळ लागतो आणि तर्क ती मुळे उकरून पाहतो, असे अनेक भाविकांना मनापासून वाटते. पण आपल्या परंपरेने ज्ञानाची वाट सांगताना प्रश्नाला कुठे ठेवले आहे ते पाहावे. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याचे मार्ग सांगताना प्रणिपात आणि सेवा यांच्या मधोमध परिप्रश्न आहे. नमस्कार करणाऱ्याने विचारायचेही आहे, हे तिथे गृहीतच आहे. आणि अठराव्या अध्यायात, सगळे सांगून झाल्यावर, श्रीकृष्ण अर्जुनाला याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे वाग असे सांगतात. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवणाच्या लगेच पुढे मनन सांगतात. हे सगळे दूरचे वाटत असेल तर मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर जवळ आहे. चक्रधरस्वामींशी वाद घालायला आलेले म्हाइंभट हे पंडित त्यांचे अनुयायी झाले, आणि पुढे त्याच रिद्धपुरात तेराव्या शतकात त्यांनी लीळाचरित्र सिद्ध केले. प्रश्न घेऊन आलेल्या माणसाकडून मराठीचा आद्य गद्यग्रंथ झाला. ज्या श्रद्धेला प्रश्न सोसत नाही ती श्रद्धा या भूमीत कधीच सर्वश्रेष्ठ मानली गेलेली नाही. शिवाय गणित मुलाला प्रश्नाइतकीच मर्यादाही शिकवते. दिलेल्या माहितीवरून हे सांगता येत नाही, असे म्हणायला शिकलेले मूल उद्धट होत नाही. कप्तानाचे वय मला ठाऊक नाही हे म्हणण्यात नम्रता आहे, आणि ३६ म्हणण्यात तिचा अभाव.

प्रार्थना आणि गणित यांचे नाते याहून आतले आहे, असे सिमोन वेल या फ्रेंच विचारवंत स्त्रीने १९४२ साली एका निबंधात मांडले. शालेय अभ्यासाने अवधानाची शक्ती वाढते, प्रार्थना त्याच अवधानाची बनलेली असते, आणि म्हणून भूमितीचे एखादे उदाहरण सुटले नाही तरी त्यावर मनापासून घालवलेला वेळ वाया जात नाही, असा तिचा विचार. सामुदायिक प्रार्थनेला जीवनाचे केंद्र मानणाऱ्या, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या लोकांना हा विचार परका वाटू नये. महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मोझरीतला अफाट जनसमुदाय मौन धरतो, तेव्हा अवधान म्हणजे काय ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तरी वेलचे म्हणणे मला अर्धेच पुरते. अवधान घोकंपट्टीतही असू शकते, जपातही असते, जुगारातही असते. तर्काच्या सरावात अवधानाला आणखी एक गोष्ट येऊन मिळते, ती म्हणजे स्वतःशी खरेपणा. मला हे समजले की नुसते आठवले, याचा निवाडा मुलाला स्वतःच्या मनात करावा लागतो, आणि बाहेरून तो कोणी करू शकत नाही. दहा वर्षांच्या मुलाला सत्यनिष्ठेचा असा रोखठोक प्रसंग दुसऱ्या कुठल्या विषयात येतो? इतिहासात त्याला पुस्तकावर विश्वास ठेवावाच लागतो, भूगोलात नकाशावर. चार अधिक पाच आणि पाच अधिक चार सारखेच का, हे मात्र त्याला चिंचोके मांडून, कोणाच्याही शब्दावर विसंबून न राहता, पूर्णपणे पाहता येते.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि त्यात अनुभवाचे वजन आहे. आधी पाढे आणि क्रिया पक्क्या होऊ द्या, तर्क नंतर. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी भागाकार जमणारी मुले ३०.७ टक्के निघाली. तिथे ‘कशावरून?’ची चैन परवडेल का? पाठांतराबद्दल मला आदर आहे. परवचा म्हणणाऱ्या पिढ्यांची आकड्यांवरची पकड हेवा वाटावा अशी होती, आणि ज्याला सात आठे छप्पन्न आठवायला बोटे मोडावी लागतात त्याचे लक्ष उदाहरणाच्या अर्थापर्यंत पोहोचण्याआधीच थकते. तर्काला पाठांतराचा आधार हवा हे खरे. पण ‘आधी हे, मग ते’ या क्रमात ‘मग’ कधी येतच नाही, हे त्या ३०.७ टक्क्यांतूनच दिसते. वर्षानुवर्षे क्रियाच शिकवूनही क्रिया का येत नाहीत, याचे एक कारण त्या अर्थाशिवाय शिकवल्या जातात हे असणार. ७२ भागिले ६ म्हणजे बहात्तर संत्री सहा टोपल्यांत सारखी वाटणे, हे ज्याच्या डोळ्यांपुढे आहे त्याला उत्तर २१ आले तर खटकते. ज्याच्यापुढे फक्त मांडणीच्या रेघा आहेत त्याला २१ आणि १२ सारखेच वाटतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मराठी संख्यावाचनात एकक आधी आणि दशक नंतर येतो, त्यामुळे लहान मुले अंकांची अदलाबदल करतात, म्हणून ही सोय. त्यांच्या उपायाशी मतभेद असू शकतात. पण मुलाला नेमके कुठे अडते या प्रश्नावर बोलणारे आवाज तेव्हा थोडे होते आणि परंपरा बुडाली म्हणणारे फार. परंपरेच्या नावाने आपण मुलाच्या अडचणीकडे पाठ फिरवतो, याचे ते दुःखद उदाहरण होते.

सर्वांत कठीण आक्षेप नीतीचा आहे. तर्क म्हणजे सद्गुण नव्हे. दिढीचा हिशेब सावकाराला उत्तम कळत होता, आणि त्या हुशारीनेच त्याने वावरे गिळली. मग गणिती तर्काला धर्मशिक्षण म्हणणे ही भाबडी कल्पना नव्हे काय? तर्काने माणूस आपोआप चांगला होतो असे मी म्हणत नाही. पण सावकाराची हुशारी कशावर जगत होती हेही पाहिले पाहिजे. ती हिशेब एकाच बाजूला कळण्यावर जगत होती. महात्मा फुल्यांनी हे ओळखले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली, आणि त्या शिक्षणात मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि नीतीचे धडे एकत्र मागितले. हिशेब आणि नीती त्यांच्या एकाच यादीत आहेत. याच्या मागे एक खोल सत्य आहे आणि ते प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच दिसते. सॉक्रेटिस मेनोच्या घरातल्या भूमिती न शिकलेल्या एका गुलाम मुलाला बोलावतो आणि दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायला सांगतो. मुलगा आधी बाजू दुप्पट करतो, तर क्षेत्रफळ चौपट होते. मग तीन फूट घेतो, तर आठाऐवजी नऊ येतात. मग तो गोंधळतो, आणि सॉक्रेटिस मेनोला सांगतो की आपल्याला कळत नाही हे कळले म्हणून हा मुलगा आता आधीपेक्षा पुढे आहे. शेवटी कर्णावरचा चौरस त्याला सापडतो. सॉक्रेटिसने यातून आत्मा अमर असल्याचा निष्कर्ष काढला. तो कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. माझ्यासाठी त्या प्रसंगातली खरी धार्मिक गोष्ट वेगळीच आहे. त्या जागी, त्या घटकेला, मालक आणि गुलाम सत्यापुढे सारखे होते. ज्या गावात विहिरी जातीने वाटल्या गेल्या होत्या तिथे जात-धर्म न पाहता सर्वांना एका ओळीत बसवून प्रार्थना म्हणायला लावणाऱ्या तुकडोजी महाराजांना ही समता समजली असती. पहिल्या बाकावरच्या मुलाचे उत्तर चूक आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीचे बरोबर, आणि तिला ते सिद्ध करता येते, हा अनुभव वर्गात खरोखर आला तर त्या मुलीला माणूस म्हणून आपल्या मोलाची जी खात्री पटते ती सुविचारांच्या फळ्याने पटत नाही.

अशा शिक्षणाला आपल्याकडे जमीनही तयार आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला नई तालीमची परिषद भरली, आणि सेवाग्रामच्या शाळेत टकळीवरच्या सुताच्या तारा मोजत मुले अंकगणित शिकू लागली. त्याच्या आदल्याच वर्षी गांधीजींच्या बोलावण्यावरून तुकडोजी महाराज सेवाग्रामला राहून आले होते. कामातून गणित या कल्पनेने आकड्याला अर्थ दिला, हे मोठेच काम होते. त्यापुढची पायरी अर्थाला कारण जोडण्याची आहे आणि ती आपण अजून चढलो नाही. आज शाब्दिक उदाहरणांचा सराव महाराष्ट्रात होतो तो बहुतांशी शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी, चार पर्यायांतला एक गोल काळा करण्यासाठी. त्या परीक्षेने खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांना वाट दाखवली, तिचे ऋण मोठे आहे. पण गोल काळा करण्यात ‘कशावरून?’ला जागा नाही, आणि पर्यायांत ‘माहिती अपुरी आहे’ हा पर्याय क्वचितच दिसतो. वर्गातल्या शिक्षकाला मात्र परीक्षा मंडळाची वाट पाहावी लागत नाही. रोज दहा उदाहरणांऐवजी तीन घ्यावीत. त्यांतल्या एकाला उत्तरच नसावे, एकाला दोन रीतींनी उत्तर निघावे. चुकलेल्या मुलाला आधी बोलू द्यावे, कारण त्याने काय गृहीत धरले ते बाहेर आल्याशिवाय बरोबर उत्तर कोणाच्याच उपयोगाचे नसते. आणि कोणी मूल उठून ‘गुरुजी, हे यावरून सांगता येत नाही’ म्हणाले, तर ते वाक्य इतर उत्तरांच्या रांगेत फळ्यावर लिहावे आणि त्याला पूर्ण गुण द्यावेत.